वाढत्या उन्हाळ्याची धास्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागायच्या आधीच ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे पान आहे. उष्माघात कसा टाळावा याची माहिती सगळीकडे मिळते. ती वाचून धीर येण्याऐवजी छाती आणखी धडधडते, असं म्हणणाऱ्यांचे प्रश्न इथे घेतले आहेत. एक भेद मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तो सारखा येणार आहे. आज रात्रीच्या उकाड्याची काळजी वेगळी आणि वीस वर्षांनंतरच्या उन्हाळ्यांची काळजी वेगळी. पहिलीला पाणी, सावली, फोन आणि थोडं नियोजन लागतं. दुसरीला यातलं काहीच पुरत नाही. आपली पंचाईत होते ती दुसरीचा विचार पहिलीच्या वेळी करत बसल्यामुळे, म्हणजे रात्री दोन वाजता, अंगाची लाही होत असताना.

उन्हाळ्याची एवढी भीती वाटणं हा आजार आहे का?

नाही. खऱ्या धोक्याची भीती वाटणं हे मन ठिकाणावर असल्याचं लक्षण आहे. 2021 मध्ये दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात निम्म्याहून जास्त जणांनी हवामानबदलाची फार किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं, आणि 45 टक्के म्हणाले की या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

आजार म्हणायची वेळ येते ती भीतीने कामं अडू लागली की. त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात लिहिलं आहे.

खरंच उन्हाळे वाढलेत की बातम्यांमुळे तसं वाटतं?

वाढलेत. 2024 हे नोंदींच्या इतिहासातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने ते औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा सुमारे 1.55 अंशांनी गरम होतं. 2015 ते 2024 ही दहाही वर्षं तोवरच्या सर्वांत उष्ण दहांत बसली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने, म्हणजे आयपीसीसीने, 2021 च्या अहवालात मांडलं की पूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता आता जवळपास तिप्पट वेळा येते. तापमानवाढ 2 अंशांवर गेली तर ती साडेपाच पटींच्या पुढे जाईल.

हे आकडे इथे देण्याचं कारण आहे. "काही नाही रे, तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं कोणी म्हणालं की माणूस आणखी बिथरतो, कारण आपल्याला दिसतंय ते खरं आहे हे त्याला ठाऊक असतं. धोका मान्य केला की त्याबद्दल शांतपणे बोलता येतं. बातम्यांचंही खरं आहेच: दिवसभर लालभडक नकाशे बघितले तर कोणाचाही जीव घाबरा होईल.

उकाड्यात छाती धडधडते, हात थरथरतात, श्वास अपुरा वाटतो. हे उन्हामुळे की घाबरल्यामुळे?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा लांबलं आहे.

गरम हवेत शरीर स्वतःला गार ठेवायला दोन गोष्टी करतं. रक्त त्वचेकडे जास्त पाठवतं आणि घाम काढतं. त्वचेकडे रक्त वळवायचं तर हृदयाला जोरात काम करावं लागतं, म्हणून ठोके वाढतात. घामावाटे पाणी आणि क्षार गेले की डोकं हलकं होतं, चक्कर येते, पाय लटपटतात. आता घबराटीचा झटका आला की काय होतं ते आठवा: धडधड, घाम, गरगरणं, थरथर. यादी जवळजवळ तीच.

मेंदूला आतून संदेश येतो की ठोके वाढलेत. कारण शोधायला तो आजूबाजूला बघतो. मनात आधीच "यंदाचा उन्हाळा सोसवणार नाही" हा विचार फिरत असेल, तर दोष त्यालाच दिला जातो. भीती वाढते, भीतीने ठोके आणखी वाढतात आणि चक्र सुरू होतं. सुरुवात मात्र कित्येकदा साध्या उष्णतेने झालेली असते.

म्हणून नियम असा: आधी अंग गार करा, मग विचार करा. सावलीत किंवा घरातल्या सगळ्यात गार खोलीत जा. कपडे सैल करा. मान, मनगटं आणि पोटऱ्या पाण्याने ओल्या करून पंख्यासमोर बसा. पाणी घोटाघोटाने प्या, गटागटा नको. श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. सोडलेला श्वास लांब असला की ठोके उतरायला मदत होते. वीस मिनिटं कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही. भविष्याचा नाही, पृथ्वीचा नाही, स्वतःच्या तब्येतीचाही नाही. वीस मिनिटांत धडधड उतरली तर बरंचसं उष्णतेमुळे असू शकतं. अंग गार पडूनही मन धावतच असेल, तर ती मनाची बाजू आहे.

ही परीक्षा काही लक्षणांना लावायची नाही. माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना तोल जातोय, शुद्ध हरपतेय, झटके येताहेत किंवा अंग भट्टीसारखं तापलंय, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही असू शकतो. "घाम येतोय म्हणजे धोका नाही" ही समजूत चुकीची आहे. तातडीची मदत बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका: भरपूर गार पाणी अंगावर ओता, वारा घाला. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजू नका. छातीत दुखत असेल तर "घाबरलो असेन" म्हणत घरी बसायचं नाही.

रात्री झोप लागत नाही आणि नेमके तेव्हाच नको ते विचार येतात. काय करावं?

झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. हातापायांवाटे उष्णता बाहेर टाकून शरीर ते करतं, आणि खोली गरम असली की तेच अडतं. म्हणजे तुमची झोप मनाच्या कमकुवतपणामुळे उडालेली नाही.

झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. बर्फासारखं पाणी नको, त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. सकाळी ऊन चढायच्या आत बंद करून पडदे ओढा. पाय ओल्या फडक्याने पुसून पंख्याकडे करून झोपा. एवढं साधं असतं, पण फरक पडतो.

आणि पहाटे तीन वाजता हवामानाच्या भवितव्यावर विचार करायला बंदी. खरंच बंदी. अर्धवट झोपेतला, घामेजलेला मेंदू जे ठरवतो त्यावर कोणी व्यवहारही करणार नाही. उशाशी कागद ठेवा, एका ओळीत काळजी लिहा आणि तिला दिवसाची वेळ द्या. मानसोपचारात यासाठी "काळजीची वेळ" ठरवून देतात: दिवसातला साधारण अर्धा तास, रोज एकाच जागी. बाकी वेळी काळजी आली की तिला सांगायचं, सहाला भेटू. ऐकायला बाळबोध वाटतं, पण काळजी पूर्ण दाबण्यापेक्षा पुढे ढकलणं माणसाला जास्त जमतं.

मी दिवसातून किती तरी वेळा हवामानाचं ॲप उघडते. सवय कशी मोडू?

मोडू नका, बांधून घाला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बघताना तीनच गोष्टी टिपायच्या: उद्याचं कमाल तापमान, रात्रीचं किमान तापमान आणि हवेतला दमटपणा. लोक फक्त कमाल आकड्याने घाबरतात, पण रात्र गार पडणार नसेल तर शरीराला उसंत मिळत नाही. आणि दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून कमी तापमानही जास्त बाधतं.

बघून झालं की त्या आकड्यावरून एक निर्णय घ्या. उद्याचं बाहेरचं काम सकाळी आठच्या आत उरकायचं, एवढंसुद्धा चालेल. ज्या बघण्यातून निर्णय निघत नाही, ते बघणं म्हणजे नुसती खपली काढणं. पंधरा दिवसांपुढचे अंदाज तर उघडूच नका. इतक्या लांबचा ठरावीक दिवसाचा आकडा फारसा भरवशाचा नसतो.

सारखी तयारी करत बसलं तर भीती आणखी वाढणार नाही का?

टोक गाठलं तर वाढते. पण एका बैठकीत संपणारी तयारी भीती उतरवते, कारण "काय होईल?" या प्रश्नाच्या जागी "काय करायचं?" याचं उत्तर येतं.

उन्हाळ्याआधी एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. घरातली सगळ्यात गार जागा कुठली. ती पुरली नाही तर जाण्यासारखी दुसरी जागा कुठली: वाचनालय, नातेवाइकांचं तळमजल्यावरचं घर, काहीही. फोन कोणाला करायचा. वीज गेली तर पाणी किती साठवलेलं आहे. ज्यांना औषधं चालू आहेत, ती कुठल्या तापमानात ठेवायची.

पंख्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हवा 40 अंशांच्या वर गेली की पंखा गरम वारा अंगावर मारतो आणि शरीर तापतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा नुसत्या पंख्यावर विसंबू नका. एसी असेल तर 27 अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावा. खोली आणखी चार अंशांनी गार वाटते आणि वीजही बरीच वाचते.

कागद लिहून झाला की तयारी संपली. रोज त्यात भर घालावीशी वाटली तर समजा, आता भीती लिहितेय.

आईवडील लांब राहतात, वय झालंय. सतत त्यांचीच धास्ती असते.

ही धास्ती रास्त आहे, आणि हिच्यावर करण्यासारखंही सर्वांत जास्त आहे.

2021 च्या जून अखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची भयंकर लाट आली. लिटन गावात पारा 49.6 अंशांवर गेला. प्रांतात उष्णतेने 619 माणसं दगावली. नंतरच्या चौकशीत दिसलं की त्यातली 98 टक्के घरातच गेली, दोनतृतीयांश सत्तरी ओलांडलेली होती आणि निम्म्याहून जास्त एकटी राहत होती. शिकागोत 1995 च्या जुलैमध्ये 739 मृत्यू झाले, तिथेही एकटेपण हे मोठं कारण होतं. रस्त्यावरच्या उन्हापेक्षा बंद घरातला उकाडा आणि दार न ठोठावणारे शेजारी जास्त घातक ठरले.

म्हणजे तुमचा रोजचा फोन ही नुसती विचारपूस नाही. पण "बरी आहेस ना?" असं विचारलंत तर "बरी आहे गं, तू काळजी करू नकोस" हेच उत्तर येणार. वयानुसार तहान कमी लागते आणि आपण तापलोय हेही नीट कळत नाही, म्हणून त्या उत्तरावर जाऊ नका. बघण्यासारखं काहीतरी विचारा:

"आई, आत्ता कुठल्या खोलीत बसलीयस?"
"इथंच, गॅलरीच्या खोलीत."
"तिथं ऊन येतं ना दुपारी? आतल्या खोलीत जा बघू. आणि सकाळी भरलेली बाटली किती उरलीय?"
"आहे की अजून... अर्धीच्या वर."
"मग मी फोनवर थांबते, तू दोन घोट घे. बाबा काय करताहेत?"
"झोपलेत. सकाळपासून झोपूनच आहेत."

शेवटचं वाक्य ऐकलं की फोन ठेवायचा नाही. उठवून बोलायला लावा. बोलणं गोंधळलेलं वाटलं तर शेजाऱ्यांना आत पाठवा. शेजाऱ्यांचा नंबर आणि त्यांच्याकडे एक किल्ली, ही तयारी उन्हाळ्याआधीच करून ठेवायची. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला सगळ्यांना लागू नाही.

एवढं करून उरलेली काळजी मात्र सोडून द्यावी लागेल. चोवीस तास कोणी कोणावर डोळा ठेवू शकत नाही.

मानसिक आजाराची गोळी चालू आहे. उन्हाळ्यात काही वेगळं करायचं का?

हो, आणि हे डॉक्टरांना न विसरता विचारा. काही औषधांमुळे घाम कमी येतो, काहींमुळे जास्त येतो, काही तहान किंवा तापमानाचं भान बिघडवतात. लिथियम घेणाऱ्यांनी तर फार जपावं: शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. उलट्या, हातांना जोराची थरथर, जडावलेलं बोलणं दिसलं तर लगेच दवाखाना.

स्वतःहून गोळी बंद करू नका. उन्हाच्या त्रासापेक्षा तो त्रास मोठा.

उन्हात काम करणं भागच आहे. घाबरून कसं चालेल?

शरीर उष्णतेला सरावतं. त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. नवख्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हातलं 20 टक्केच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवावं, असा कामगार-आरोग्यातला नियम आहे. आजारपणानंतर किंवा मोठ्या सुट्टीनंतर परतणाऱ्यांनीही एकदम पूर्ण दिवस उभं राहू नये. तहान लागायची वाट न बघता दर 15 ते 20 मिनिटांनी कपभर पाणी, सावलीत विश्रांती आणि जोडीदारावर नजर. ही सोय देणं मालकाचं काम आहे. ती मिळत नसेल तर येणारी भीती तुमच्या मनाची नाही, कामाच्या जागेची आहे, आणि त्यावर श्वासाचे व्यायाम सुचवणं मला अन्यायाचं वाटतं.

मुलगा विचारतो, "आपण सगळे भाजून मरणार का?" काय सांगू?

"छे, काहीतरीच काय!" म्हणू नका. आधी विचारा, हे कुठे ऐकलंस. मुलांच्या डोक्यात बऱ्याचदा एखादं चित्र किंवा अर्धवट वाक्य अडकलेलं असतं.

मग वयाला झेपेल तेवढं खरं सांगा: "नाही, आपण सगळे मरणार नाही. उन्हाळे जास्त गरम होताहेत हे खरं. खूप ऊन असेल तेव्हा आपण काय करतो ते तुला माहितीये. आणि हे थांबवायला पुष्कळ मोठी माणसं काम करताहेत." लगेच त्याला एक खरं काम द्या: झाडांना संध्याकाळी पाणी, पक्ष्यांसाठी भांडं भरणं, आजीला दुपारी फोन. हवामानाच्या काळजीवर अभ्यास करणाऱ्यांना मुलांमध्ये असं दिसलं आहे की काळजी मान्य करून तिच्यात काही अर्थ आणि भरवसा शोधणारी मुलं जास्त सावरलेली असतात. पण जग वाचवायची जबाबदारी त्याच्या गळ्यात घालू नका. "आता तुमच्याच पिढीवर सगळं आहे" हे वाक्य आठ वर्षांच्या पोराला ऐकवणाऱ्या मोठ्यांचा मला राग येतो.

एसी लावला की अपराधी वाटतं.

तापलेल्या घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी कोणी असेल तर एसी ही चैन नाही, बिनदिक्कत लावा. बाकी वेळी 27 अंश आणि पंखा. अपराधीपणाने हवा गार होत नाही.

घरचे म्हणतात, "उन्हाळा काय दरवर्षीच येतो." मी काय बोलू?

वाद घालू नका. आकडे तर मुळीच फेकू नका. कित्येकदा त्यांनाही भीती वाटत असते आणि ते बोलणं हा त्यांचा आधार असतो. हवामानबदलावर एकमत व्हायची गरज नाही. दुपारी पडदे ओढण्यावर झालं तरी पुष्कळ. मनातलं बोलायला दुसरा माणूस शोधा.

एकट्याने करून काय उपयोग? शेवटी सगळं हाताबाहेरच आहे ना?

लांबच्या काळजीचा प्रश्न तो हाच. खोटी आशा देणार नाही: पुढची काही दशकं उन्हाळे आजच्यापेक्षा सौम्य होण्याची चिन्हं नाहीत. पण किती वाढायचं हे अजून ठरायचं आहे, आणि अंशाचा प्रत्येक दशांश मोजला जातो. शिवाय तेवढ्याच उष्णतेत किती माणसं दगावणार हे फक्त तापमापक ठरवत नाही.

फ्रान्सचं बघा. 2003 च्या ऑगस्टमध्ये तिथे उष्णतेच्या लाटेत सुमारे 15,000 माणसं गेली. त्यानंतर सूचना देणारी यंत्रणा उभी राहिली, एकट्या वृद्धांच्या याद्या झाल्या. 2006 मध्ये पुन्हा मोठी लाट आली, तेव्हा जुन्या अनुभवावरून जितके मृत्यू अपेक्षित होते त्यापेक्षा सुमारे 4,400 कमी झाले. अहमदाबादेत मे 2010 च्या लाटेनंतर 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा आला. दक्षिण आशियातला तो पहिला. त्यात भव्य काही नव्हतं: आगाऊ इशारे, दवाखान्यांची तयारी, लोकांपर्यंत माहिती. पुढे झालेल्या अभ्यासाने तिथे वर्षाकाठी सरासरी हजाराहून जास्त मृत्यू टळल्याचा अंदाज मांडला.

ही कामं कोणीतरी कंटाळवाण्या बैठकांत बसून करतं. तुमच्या गावाचा किंवा शहराचा असा आराखडा आहे का, विचारा. शाळेच्या वेळा, बसथांब्यावर सावली, इमारतीतल्या एकट्या माणसांची यादी, यातलं एक उचला. एकच. लांबच्या काळजीला उत्तर सापडत नाही, पण तिला इतरांबरोबर बसायला जागा मिळाली की ती रात्री कमी छळते. मधूनमधून दुःखही होईल: आटलेली नदी, वाळलेलं झाड, लहानपणची गार पहाट न उरल्याचं. त्या दुःखावर उपाय शोधत बसू नका, ते बोला.

डॉक्टरांकडे कधी जावं?

दोन आठवडे झोप नीट नाही. गरज असूनही घराबाहेर पडणं टाळताय. काम किंवा अभ्यास होत नाही. घबराटीचे झटके पुन्हा पुन्हा येताहेत. शांत राहायला दारू किंवा झोपेच्या गोळ्या लागताहेत. यातलं एकही असेल तर जा. सगळं जुळायची वाट बघू नका. जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल किंवा स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, तर आजच जवळच्या माणसाला सांगा आणि मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला किंवा तातडीच्या सेवेला फोन करा. खूप गरम दिवसांत अशा तक्रारी वाढतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते नवीन नसतं.

जाताना तीन-चार दिवसांची नोंद न्या: त्रास कधी झाला, तेव्हा खोली किती गरम होती, आदल्या रात्री किती झोप झाली, पाणी किती प्यायलात, कुठली औषधं चालू आहेत. "मला उन्हाळ्याची भीती वाटते" असं म्हणायला संकोच वाटत असेल तर तो कागदच पुढे करा. थायरॉइड, रक्तक्षय किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रारही अशीच दिसू शकते, म्हणून आधी साध्या तपासण्या सांगितल्या तर नाराज होऊ नका. आणि अपॉइंटमेंट शक्यतो सकाळची घ्या.